जुन्या एमएक्स-५ चे स्पीकर आणि वायरिंग: पर्वरीतल्या एका गाडीचे प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी माझदा एमएक्स-५, पहिल्या पिढीतली, १९९६ सालची. जपानी बाजारासाठी बनलेली, त्यामुळे कागदोपत्री नाव युनोस रोडस्टर. दोन आसने, कापडी छत, बॅटरी डिकीत. मालक गोव्यात पर्वरीला राहतात, कामाला पणजीत, आणि सुटीच्या दिवशी गाडी पेडण्याच्या गावच्या घरी जाते. दोन्हीकडे ती पत्र्याच्या शेडखाली उभी असते. वरून पाऊस पडत नाही, पण खारी हवा चारी बाजूंनी लागते.

मूळ जपानी रेडिओ मालकांनी खोक्यात जपून ठेवला होता. त्याच्या जागी आधीच्या मालकाने एक साधा सीडी स्टिरिओ बसवून घेतला होता. ते काम करणाऱ्याने कंपनीचा कपलर (वायरी जोडायचा प्लास्टिकचा प्लग) सरळ कापून टाकला, वायरी पिळून जोडल्या आणि वर काळी टेप गुंडाळली. गोव्याच्या उन्हात डॅशबोर्डच्या आत टेपचा गोंद पातळ होऊन ओघळतो, टेप सैल पडते आणि उघडे तांबे एकमेकांना भिडते. इथेही तेच झाले होते.

दारांतले स्पीकर मात्र कंपनीचेच होते. कागदी कोन (आवाज काढणारा शंकूसारखा पडदा), कडेला फोमची पट्टी. प्रत्येक हेडरेस्टमध्ये दोन असे चार छोटे स्पीकर वेगळे. छत उघडे असताना आवाज कानाजवळ यावा म्हणून कंपनीने केलेली ती सोय, आणि ती खरोखर हुशारीची आहे.

तक्रार

डाव्या दाराचा आवाज दार आपटले की जायचा, पुन्हा आपटले की यायचा. पावसाळ्यात तो महिनोन्महिने बंदच. उजवीकडून आवाज येई, पण पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. डावे हेडरेस्ट पूर्ण मुके. आणि स्टिरिओ अर्ध्या तासात इतका तापायचा की आपणहून बंद पडायचा.

मालकांनी ऑनलाइन नवे स्पीकर मागवले आणि खोके घेऊनच म्हापशातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे आले. ‘दादा, स्पीकर आणलेत, फक्त बदलून द्या.’ त्यावर उत्तर आले, ‘बाब, आधी मीटर लावू, मग स्पीकरचं बघू.’

या एका वाक्याने पुढचे सगळे काम ठरले. त्या दिवशी नुसते स्पीकर बदलले असते तर रोग म्हशीला आणि औषध पखालीला, अशी गत झाली असती.

मीटरने काय दाखवले

तपासणीचा क्रम मुद्दाम सांगण्यासारखा आहे, कारण त्याला साध्या मल्टिमीटरपलीकडे काही लागत नाही.

पहिल्यांदा स्टिरिओ बाहेर काढून त्याच्या मागच्या टोकांवरून प्रत्येक स्पीकरचा रेझिस्टन्स मोजला. चार ओहमचा धड स्पीकर मीटरवर साधारण ३.२ ते ३.६ ओहम दाखवतो. उजवे दार ३.५. डावे दार कधी ५, कधी ११, दार हलवले की अनंत. म्हणजे वायर आतून तुटत आलेली.

मग स्पीकरच्या प्रत्येक टोकापासून गाडीच्या बॉडीपर्यंत मोजले. इथे काहीच दाखवायला नको. उजव्या स्पीकरची निगेटिव्ह बाजू ०.४ ओहम दाखवत होती. म्हणजे कुणीतरी तिला अर्थ करून, थेट बॉडीला जोडून ठेवले होते. फार जुन्या रेडिओत स्पीकरची एक बाजू बॉडीला दिलेली चालायची. पण हल्लीच्या स्टिरिओत दोन्ही टोकांवर बॅटरीच्या निम्मा व्होल्टेज असतो, निगेटिव्ह हे नावापुरते निगेटिव्ह. ते बॉडीला टेकले की आतल्या चिपवर सतत लोड येतो. स्टिरिओ तापण्याचे कारण इथे सापडले, आणि चिप अजून जिवंत होती हे मालकांचे नशीब.

तिसरे माप इंजिन चालू, दिवे चालू, आवाज मोठा ठेवून. बॅटरीवर १४.१ व्होल्ट, स्टिरिओच्या कपलरवर १२.७. मधले १.४ व्होल्ट जुन्या जोडांत आणि गंजलेल्या अर्थमध्ये जिरत होते. स्टिरिओच्या खोक्यावर ‘५० वॅट × ४’ छापलेले असले तरी १४ व्होल्टवर चार ओहमला अशा स्टिरिओची स्वच्छ ताकद तत्त्वतः २५ वॅटच्या आसपास आणि प्रत्यक्षात त्याहून कमीच असते. ही ताकद व्होल्टेजच्या वर्गाने बदलते, त्यामुळे १.४ व्होल्ट गेले की जवळजवळ पाचवा हिस्सा गेला.

शेवटी दाराची ट्रिम (आतले आवरण) काढली. उजव्या स्पीकरच्या फोमच्या कडेला बोट लावताच ती खरपुडीसारखी सुटून हातात आली. दमट हवेत फोमचे असे पीठ होतेच. कोन मोकळा लोंबत होता, म्हणून आवाजात खर्ज नव्हता. दाराच्या आतला प्लास्टिकचा कागद आधीच्या कामात फाडून तसाच सोडलेला. काचेच्या फटीतून येणारे पाणी या कागदाने अडवायचे असते. तो फाटला की पाणी थेट स्पीकरच्या पाठीवर.

गालिच्याखालचे पाणी

वायर कुठून जाते ते बघायला उंबऱ्याची प्लास्टिक पट्टी काढून गालिचा उचलला, तर खाली ओल. या मॉडेलचे हे जुने दुखणे आहे. छताच्या मागच्या कडेला पन्हळ असते. त्यातले पाणी आसनांच्या मागे दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून खाली, मागच्या चाकाच्या पुढे बाहेर पडते. नळ्यांत पाने आणि माती बसली की पाणी उलटे आत येते आणि उंबऱ्यात साचते. तिथूनच वायरिंग मागे जाते. डाव्या हेडरेस्टची वायर सोलून पाहिली तर तांबे कळकून हिरवे-काळे झाले होते, आणि हा कळंक इन्सुलेशनच्या आत वीतभर चढला होता. अशा वायरीला टोकाशी नवा जोड देऊन उपयोग नसतो. डाग (सोल्डर) धरत नाही, क्रिंप (दाबून बसवलेला जोड) धरले तरी महिन्या-दोन महिन्यांत सैल पडते.

पर्याय

मूळ रेडिओ परत बसवण्याचा विचार मालकांच्या मनात होता, गाडी जशी होती तशी दिसावी म्हणून. अडचण बँडची. त्या काळचा जपानी रेडिओ ७६ ते ९० मेगाहर्ट्झ पकडतो आणि आपले एफएम ८८ ते १०८. मध्ये कन्व्हर्टर लावून बँड खाली सरकवता येतो, पण रेडिओची खिडकी फक्त १४ मेगाहर्ट्झची आणि आपला बँड २० चा. १२ ने सरकवले तर १०२ पर्यंतच ऐकू येणार, म्हणजे १०५.४ वरची पणजी आकाशवाणी गेली. २० ने सरकवले तर ९६ च्या खालचे सगळे गेले. रेडिओ खोक्यातच ठेवायचे ठरले, मात्र पुढे कुणाला बसवायचा झाला तर बसवता यावा अशा रीतीने कपलर दुरुस्त करायचा.

दुसरा पर्याय नुसते स्पीकर आणि दोन-चार जोड बदलण्याचा. स्वस्त, दिवसभरात होणारा. कळकलेली वायर पाहिल्यावर तो बाद झाला.

तिसरा, सगळी स्पीकर लाइन नवी ओढून ताकद स्टिरिओचीच वापरायची. बंद गाडीत हा पुरेसा ठरला असता. उघड्या गाडीत ८० च्या वेगाला वारा आणि टायरचा आवाज इतका असतो की वीस वॅटला ओढाताण होते, आणि ओढलेला आवाज कानाला बोचतो.

चौथा, डिकीत छोटा चार चॅनेलचा अॅम्प, म्हणजे आवाजाची ताकद वाढवणारे यंत्र. बॅटरी तिथेच असल्याने पॉवरची वायर जेमतेम दोन मीटर लागते. इतर गाड्यांत हीच वायर बॉनेटमधून फायरवॉल भेदून आणावी लागते आणि अर्धे काम तिथेच जाते. सबवूफर मालकांना नको होता. डिकी मुळात लहान, त्यात स्टेपनी.

चौथा पर्याय ठरला.

स्पीकरची निवड

मालकांनी आणलेले स्पीकर साडेसहा इंचीच होते, माप बरोबर. पण खोली ६८ मिलिमीटर. काच पूर्ण खाली घेऊन मोजले तर बसायच्या पातळीपासून काचेपर्यंत ५२ मिलिमीटर जागा. मधे जाड रिंग टाकावी तर ट्रिम बसत नाही, कारण तिच्यामागे १२ मिलिमीटरच मोकळे. काच वर असताना मोजून स्पीकर घ्यायचा आणि पहिल्यांदा काच खाली केली की चुंबकावर करकरायची, हे सर्रास घडते.

दुसरी गोष्ट संवेदनशीलतेची, म्हणजे दिलेल्या ताकदीला स्पीकर किती आवाज देतो त्याची. आणलेल्यांची एक वॅटला ८७ डेसिबल होती. बदलून घेतलेल्या कम्पोनंट जोडीची (मुख्य स्पीकर आणि बारीक स्वरांचा ट्वीटर वेगळे) ९१. चार डेसिबलचा फरक म्हणजे तेवढ्याच आवाजाला अडीच पट कमी ताकद. उघड्या गाडीसाठी स्पीकर घेताना खोक्यावरच्या ‘३०० वॅट’कडे पाहू नये, हा आकडा पाहावा. नव्या स्पीकरची खोली ४८ मिलिमीटर. १० मिलिमीटरची रिंग टाकून मागे १४ मिलिमीटर मोकळे राहिले.

रिंग एचडीपीई या टणक प्लास्टिकची, स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या चॉपिंग बोर्डातून कापलेली. एमडीएफ (लाकडाच्या भुशाचे दाबलेले बोर्ड) दारात घालूच नये. एका पावसाळ्यात ते भिजून फुगते आणि स्क्रू सुटतात.

काम

सुरुवात पाण्यापासून. पन्हळीत मगभर पाणी ओतले, खाली थेंबभरही आले नाही. मऊ नायलॉनची जाड दोरी हळूहळू सरकवून दोन्ही नळ्या मोकळ्या केल्या. इथे तार किंवा कॉम्प्रेसरची हवा वापरायची नाही. नळी फाटली किंवा आतल्या आत निसटली तर पाणी कायमचे बॉडीत जाते. धार चाकापुढे नीट पडू लागल्यावर गालिचा काढून उन्हात वाळवला, उंबऱ्यातला गंज घासून प्रायमर मारला.

मग बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवली आणि वायरिंग सुरू केले.

वायर टिन केलेल्या तांब्याची घेतली, मासेमारीच्या बोटींवर वापरतात तशी. मालिमसारखी जेटी जवळ असलेल्या गावांत ती मिळायला अडचण येत नाही. साध्या तांब्याहून महाग पडते, पण खाऱ्या हवेत तिला सहजी कळंक लागत नाही. ऑडिओच्या तयार किटमध्ये बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेले अॅल्युमिनियम असते. वायरीचे टोक ब्लेडने खरवडून पाहावे. आतून पांढरे निघाले तर ती परत करावी.

जाडीबद्दल गैरसमज फार. दारापर्यंत पाच मीटर, जाऊन-येऊन दहा. ०.५ चौरस मिलिमीटरच्या धड वायरीतही एवढ्या अंतरात ०.३५ ओहमच जातात, म्हणजे पाऊण डेसिबलच्या आत. १.५ चौरस मिलिमीटर घेतली की ते ०.१२ ओहमवर येते आणि त्यापुढे जाडीचा काही फायदा नाही. कंपनीची वायर बारीक होती म्हणून आवाज बिघडला नव्हता. ती कुजली होती.

पॉवरसाठी १० चौरस मिलिमीटर वायर, बॅटरीपासून वीतभरावर २५ अँपिअरचा फ्यूज. हिशेब सोपा आहे: चार चॅनेल गुणिले ४५ वॅट म्हणजे १८०. अॅम्पची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर २२५ वॅट लागतात, १३.८ व्होल्टला ते साधारण १६ अँपिअर होतात. फ्यूज अॅम्पसाठी नसतो, मधल्या वायरीसाठी असतो. ती घासून बॉडीला लागली तर बॅटरीजवळच तुटले पाहिजे. अॅम्प डिकीच्या जमिनीवर न ठेवता वरच्या बाजूला प्लास्टिकच्या पाटीवर टांगला.

सगळ्यात वेळखाऊ भाग दाराच्या बिजागरीजवळचा रबरी बूट. जुन्या वायरी बरोबर तिथे, दार वाकते त्या ठिकाणी, तुटल्या होत्या. बूट दोन्ही बाजूंनी सोडवून सिलिकॉन स्प्रेने ओला केला, वायर ओढायची नायलॉनची फिश टेप घालून नवी जोडी ओढली. ग्रीस वापरले नाही, रबर फुगते. दार पूर्ण उघडून वायर मोजली, त्यावर बोटभर ढील ठेवली, आणि दाराच्या आत वायरीला खाली झोळ दिला, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोळातून टपकेल, स्पीकरच्या टोकाला जाणार नाही.

जोड सगळे क्रिंपचे, वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक स्लीव्ह. डाग दिलेला जोड टेबलावर सुंदर दिसतो, पण डाग जिथे संपतो तिथे वायर ताठ होते आणि दारासारख्या हलत्या जागी नेमकी तिथे तुटते. कंपनीच्या कपलरची कापलेली टोके नवी करून जागेवर ठेवली. एकही जुनी वायर आणखी कापली नाही.

कोणती वायर कोणत्या स्पीकरची हे रंगावरून ठरवले नाही. साधा दीड व्होल्टचा सेल घेऊन टोकाला टेकवला. ज्या स्पीकरमधून ‘टक्’ आवाज येतो ती लाइन त्याची. कोन बाहेर आला तर सेलची पॉझिटिव्ह बाजू ती स्पीकरची पॉझिटिव्ह. दोन दारांपैकी एक उलटे जोडले गेले तर दोघांचा खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो आणि नवे स्पीकरही पोकळ वाटतात.

पत्रा थरथरू नये म्हणून दाराच्या बाहेरच्या पत्र्याला आतून २ मिलिमीटरच्या ब्यूटाइल (चिकट रबरी) शीट, निम्म्या भागावर. डांबरी शीट स्वस्त असते, पण एप्रिलमध्ये वितळून खाली सरकते. दाराच्या तळाची भोके मोकळी ठेवली. फाटलेल्या कागदाच्या जागी जाड प्लास्टिक ब्यूटाइलच्या दोरीने चिकटवले.

हेडरेस्टमध्ये अडीच इंची नवे स्पीकर, प्रत्येकी चार ओहम, दोन-दोन मालिकेत जोडून आठ. इतक्या लहान कोनाला खर्ज दिला की तो फाटतो. अॅम्पचा खर्ज कापणारा फिल्टर २०० हर्ट्झपर्यंतच जात होता, म्हणून प्रत्येक बाजूला ६८ मायक्रोफॅरॅडचा नॉन-पोलर कपॅसिटर मालिकेत टाकला. आठ ओहमला तो २९० हर्ट्झच्या आसपास काट घालतो. आसनाखालच्या वायरीला आसन पूर्ण पुढे-मागे करून पाहूनच बांधले.

मधेच उपटलेली शिट्टी

सगळे जोडून इंजिन सुरू केले आणि स्पीकरमधून बारीक शिट्टी. अॅक्सिलरेटर दाबला की चढायची. अल्टरनेटरचा आवाज. अॅम्पमागची, स्टिरिओकडून सिग्नल आणणारी आरसीए केबल काढली की शिट्टी बंद. म्हणजे ती अॅम्पमध्ये तयार होत नव्हती, स्टिरिओकडून येत होती. स्टिरिओची बॉडी आणि अॅम्पचा अर्थ यांच्यामध्ये मोजले तर दिवे लावून ०.१८ व्होल्ट. अॅम्पला नवा कोरा अर्थ मिळाला होता, स्टिरिओ मात्र डॅशबोर्डमागच्या त्याच गंजक्या स्क्रूवर होता.

दुकानात अशा वेळी सिग्नलच्या वाटेतला अर्थचा दुवा तोडणारा छोटा आयसोलेटर लावून देतात. शिट्टी जाते, पण स्वस्त आयसोलेटरमधून खर्जही जातो आणि खराब अर्थ तसाच राहतो. इथे स्टिरिओची अर्थ वायर २.५ चौरस मिलिमीटरची नवी ओढून अॅम्पच्याच अर्थ बोल्टवर आणली. त्या बोल्टखाली पत्रा चकचकीत होईपर्यंत घासलेला, मधे दातेरी वॉशर, घट्ट केल्यावर वरून रंग. रंग आधी मारायचा नाही आणि नंतर मारायला विसरायचे नाही. विसरले की खारी हवा महिनाभरात तिथे गंज आणते. उरलेली किंचित कुरकुर आरसीए केबल बॅटरीच्या मुख्य केबलच्या बाजूने न नेता दुसऱ्या उंबऱ्यातून नेल्यावर गेली.

निकाल

स्टिरिओच्या कपलरवरची व्होल्टेजची गळती १.४ वरून ०.२ व्होल्टवर आली. दोन्ही दारे ३.४ आणि ३.५ ओहम, बॉडीशी संबंध शून्य. तोच जुना स्टिरिओ आता तापत नाही. दारांचा फिल्टर ९० हर्ट्झला ठेवला. त्याखालचा खर्ज उघड्या गाडीत असाही वाऱ्यावर जातो, तो सोडून दिला की स्पीकर मोकळा वाजतो. पणजीजवळ मांडवीवरच्या अटल सेतूवर छत उघडे ठेवून निवेदकाचा शब्द न् शब्द कळतो, आणि मालकांना नेमके हेच हवे होते.

पाऊस सरल्यावर चवथीनंतर पुन्हा ट्रिम उघडून पाहिले. दाराच्या आत पाणी आलेले, पण प्लास्टिकच्या पलीकडेच. टोके स्वच्छ. उजव्या आसनाखालचा कपलर मात्र सैल झाला होता. तिथे लॉक असलेला कपलर बसवला.

काय वेगळे करता आले असते

स्पीकर मापाआधी घेतले गेले. परत करण्याचा खर्च थोडा होता, पण दुकानाने परत घेतले नसते तर तेच कसेबसे बसवण्याचा मोह झाला असता. आधी ट्रिम काढा, काच खाली घ्या, खोली मोजा, मग खरेदी.

स्टिरिओचा अर्थ अॅम्पच्या अर्थसोबतच, पहिल्याच फेरीत ओढायला हवा होता. १.४ व्होल्टची गळती समोर दिसत होती. तिचा काही भाग अर्थमध्ये आहे हे मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरे स्टिरिओच्या बॉडीवर धरून लगेच कळले असते. ते माप राहून गेले आणि बसवलेला गालिचा पुन्हा उचलावा लागला.

ट्वीटर दाराच्या वरच्या कोपऱ्यात, आरशाच्या आतल्या बाजूला बसवले. छत उघडे असताना जागा अचूक आहे. छत बंद केले की चालकाच्या बाजूचा जरा बोचतो. स्पीकर आणि ट्वीटर यांना आवाज वाटून देणाऱ्या क्रॉसओव्हरवर ट्वीटर तीन डेसिबलने कमी करायची सोय होती, ती उजव्या बाजूला वापरली. ट्वीटर मांडीच्या दिशेला वळवता येईल असा फिरता कप घेतला असता तर तेवढेही करावे लागले नसते. तो कप आता मागवला आहे, छताच्या कापडाचे काम निघेल तेव्हा ट्रिम पुन्हा उघडणारच आहे, तेव्हाच बसवायचा.